दोन साडू आणि मधली मी

"त्यांना सांग, मशीनच्या खोलीत कोणीतरी चपला घालून गेलंय," बापू म्हणाले.

"त्यांना सांग, त्या माझ्या चपला आहेत आणि मी फरशी पुसून घेतोय," शिरीष सर म्हणाले.

दोघांच्या टेबलांमध्ये अंतर केवढं, तर एकानं पंखा वाढवला की दुसऱ्याचे कागद उडायचे. मध्ये माझं टेबल. दोघांनी एकमेकांचं सगळं ऐकलेलं असायचं, पण मी सांगेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही, हा त्या ऑफिसचा नियम होता. म्हणून मी बापूंकडे वळून म्हटलं, "बापू, चपला सरांच्याच आहेत. पुसून घेतायत." बापूंनी मान हलवली आणि विषय संपला.

ही नाशिकची गोष्ट, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरची. आज मी ज्या कंपनीत आहे तिथे माझ्या हाताखाली इतक्या मशिनी आहेत की त्यांची नावं पाठ असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या मात्र एकूण एक मशिनीचं नाव मला अजून आठवतं.

बापू क्षेमकल्याणी आणि शिरीष गर्गे हे साडू. कुसुमताई थोरल्या, त्या बापूंच्या घरात. धाकट्या नीलाताई शिरीष सरांच्या. बापूंनी टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतली, शिरीष सर पुण्याची नोकरी सोडून आले, आणि दोघांनी मिळून ही कंपनी काढली. पतसंस्था, क्लासेस, दवाखाने, द्राक्षांची पॅकहाउस अशा गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर आपल्या खोलीत ठेवून चालवून द्यायचे, हा धंदा. कॉम्प्युटर म्हणजे खरेखुरे नव्हेत. एका दणकट खऱ्या खोक्याच्या पोटात डझनभर लटके कॉम्प्युटर चालतात, प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि त्यांना पोटात सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात हायपरव्हायझर.

साडूंचं भांडण झालं ते या हायपरव्हायझरवरून. घरी सांगितलं तेव्हा माझी आई म्हणाली, "बाई गं, लोक जमिनीवरून भांडतात हे माहीत होतं." शिरीष सरांना विकतचा, कंपनीचा शिक्का असलेला हवा होता. बापूंचा जीव फुकटच्या, खुल्या प्रोग्रॅमवर, कारण तो आतून उघडून बघता येतो. इथवर ठीक होतं. पण एकदा एका गिऱ्हाइकाची मशीन अडकली आणि शिरीष सर त्या गिऱ्हाइकासमोर बोलून गेले, "काय आहे, आमच्या बापूंचा काळ गेला आता." बापू तेव्हा चहा पीत होते. कप अर्धा तसाच ठेवून ते उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या खोलीचे दोन भाग झाले. डावीकडे बापूंची खोकी, त्यांचा हायपरव्हायझर, त्यांची गिऱ्हाइकं. उजवीकडे शिरीष सरांचं एकच मोठं खोकं, त्यांचा हायपरव्हायझर, त्यांची गिऱ्हाइकं. सामाईक राहिलं फक्त बॅकअपचं कपाट, कारण दुसरं ठेवायला जागाच नव्हती. आणि अबोला सुरू झाला.

मला नेमलं ते या दोघांनी नाही, त्यांच्या बायकांनी. मुलाखत झाली नीलाताईंच्या स्वयंपाकघरात. कुसुमताई मटार सोलत होत्या.

"कॉम्प्युटर तुला येत असणारच," त्या म्हणाल्या. "तू चिडतेस का गं पटकन?"

"चिडते," मी खरं ते सांगितलं.

"मग चालेल. गप्प बसणारी नकोय आम्हाला. दोन गप्प बसणारे घरात आहेत."

माझं काम असं होतं. दोन्ही बाजूंच्या मशिनींना लिबव्हर्ट नावाच्या एकाच साधनसंचानं हाताळायचं. या संचाची गंमत अशी की वरून आज्ञा एकच. 'ही मशीन चालू कर', 'ही बंद कर', 'कोण कोण चालू आहे ते दाखव.' खाली कोणता हायपरव्हायझर आहे ते बघून तो ज्याच्या त्याच्या बोलीत सांगतो, आणि उत्तर परत आपल्या बोलीत आणून देतो. त्यामुळे डावीकडच्या आणि उजवीकडच्या सगळ्या मशिनी माझ्या एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसायच्या. ऑफिसात मी तरी दुसरं काय करत होते? फरक एवढाच की त्या संचाला चहा करावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या संचालाही जमायची नाही. चालती मशीन या बाजूची उचलून त्या बाजूला ठेवता येत नाही. ती बंद करावी लागते, तिची डिस्क दुसऱ्या साच्यात ओतावी लागते आणि तिच्या अंगावर काय काय आहे त्याचं वर्णन नव्यानं लिहावं लागतं.

हे मी बापूंना समजावलं, कारण ते विचारायला लागले होते. शिरीष सर दुपारी जेवायला घरी गेले की बापू खुर्ची सरकवून यायचे.

"समजा हं, त्या बाजूची एखादी मशीन या बाजूला उभी करायची झाली, तर काय काय बदलावं लागेल?"

"कोणती मशीन?"

"समजा म्हटलं ना मी."

मला तो प्रश्न आवडला नव्हता. पण विचारणारा धंद्याचा अर्धा मालक होता आणि मी पगारी. मी सांगितलं. मग एके दिवशी बापूंच्या बाजूला एक नवी मशीन उगवली. नाव, 'द्राक्षे-२'.

शिरीष सरांच्या बाजूला 'द्राक्षे' नावाची मशीन आधीपासून होतीच. दिंडोरीकडच्या एका मोठ्या पॅकहाउसची. त्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. नीलाताई मला एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "हे गिऱ्हाईक आहे म्हणून आम्ही नाशकात आहोत. ते गेलं की हे पुन्हा पुण्याची नोकरी धरणार. म्हणजे मीही गेले. ताईला इथे दुसरं कोण आहे गं?" दोघी बहिणींचा नवऱ्यांच्या अबोल्याशी काही संबंध नव्हता. रोज संध्याकाळी एकीच्या घरी दुसरी असायचीच.

माझ्या पडद्यावर 'द्राक्षे-२' हे नाव दिसल्यावर शिरीष सरांचे कान लाल झाले.

"पळवतायत," ते म्हणाले. "माझं गिऱ्हाईक पळवतायत. विचार त्यांना, हे काय आहे."

"बापू, सर विचारतायत द्राक्षे-२ काय आहे."

"त्यांना सांग, प्रयोग आहे."

"कसला म्हणावं?"

"म्हाताऱ्याचा."

त्यानंतर शिरीष सर निरोपसुद्धा कमीच द्यायला लागले. खरं सांगायचं तर मलाही बापूंचा राग आला होता. भांडावं, अबोला धरावा, पण साडूच्या ताटातलं उचलू नये असं मला वाटत होतं. तशात एकदा बापू मशीनच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "त्यांना सांग, त्यांच्या खोक्याचा आवाज बदललाय. पंखा घरघरतोय." शिरीष सरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "त्यांना सांग, आपलं बघा." मी दोन्ही निरोप चोख पोचवले.

ते खोकं गेलं ऐन हंगामात, मार्चमध्ये, सकाळी ऑफिस उघडून जेमतेम चहा होतो न होतो तोच. माझ्या पडद्याची उजवी बाजू एकदम लाल झाली. आत गेलो तर जळका वास. शिरीष सरांनी झाकण उघडलं, टॉर्च मारली, आणि खाली बसले ते बसलेच. मुख्य बोर्ड काळा पडला होता. पुण्याला फोन केला. बोर्ड मिळेल, पण उद्या.

तेवढ्यात दिंडोरीचा फोन वाजला. पॅकहाउसचे निरगुडे. सरांनी खूण केली म्हणून मी घेतला.

"मॅडम, लेबल निघंना हो. पेट्या भरून पडल्यात नुसत्या. बाया बसून हायेत."

"बघतोय आम्ही, निरगुडेभाऊ."

"बघा, पण लवकर बघा. संध्याकाळच्या आत गाडी हलली न्हाई तं बोट चुकंल. आन् बोट चुकली तं शेठ मला उभा ऱ्हाऊ देणार न्हाईत, तुमालाबी न्हाई. शिरीषभाऊंना सांगा बरं का."

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर शेतकऱ्याच्या प्लॉटचा नंबर असलेलं लेबल लागतं. लेबल नाही तर पेटी नाही. आणि ती लेबलं छापणारा प्रोग्रॅम होता 'द्राक्षे' मशीनवर, जी आता खोक्यासकट थंड पडली होती.

"कालचा बॅकअप आहे कपाटात," शिरीष सर स्वतःशीच म्हणाले. "पण चालवू कशावर?"

मी म्हटलं, "बापूंच्या बाजूला जागा आहे."

ते झाकण परत लावू लागले. बापू आपल्या टेबलावर चष्मा लावून बसले होते, हात मांडीवर. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, अर्थात नियमाप्रमाणे काहीच ऐकलेलं नव्हतं. मीच उठून गेले.

"बापू, ती द्राक्षे-२ चालेल का हो?"

"चालेल."

"मग लावू?"

"नाही."

"बापू, तिकडे बायका बसून आहेत!"

"गिऱ्हाईक त्यांचं आहे. त्यांनी म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मी विचारते त्यांना."

"तू नाही विचारायचं." बापूंचा आवाज चढला नव्हता. "आजवर सगळं निरोपानं झालं, हर्षदा. हे निरोपानं नाही व्हायचं."

पलीकडून शिरीष सर कडाडले, "त्यांना सांग, म्हणजे आता मी पाय धरायचे का? आधी मशीन बनवून ठेवायची आणि मग वाट बघत बसायची!"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. शिरीष सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला मुलाखतीत कबूल केलेला तो राग आला.

"मी कोणाला काहीही सांगणार नाही," मी म्हटलं. "सर, तुम्हाला वाटतंय ना गिऱ्हाईक पळवतायत? मग त्या मशिनीत आहे काय, हे तरी एकदा डोळ्यांनी बघा. इतके दिवस नुसतं नाव वाचून जळताय."

मी आज्ञा दिली आणि 'द्राक्षे-२' चं वर्णन पडद्यावर आणलं. मशीन कोणत्याही हायपरव्हायझरची असो, हा संच तिचं वर्णन एकाच पद्धतीनं मांडतो. मेमरी किती, डिस्क कुठली, नेटवर्कचं कार्ड कोणतं. शिरीष सर आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाचू लागले.

"मेमरी माझ्याइतकीच. बरोबर आहे, नक्कलच करायचीय ना. डिस्क जुन्या बॅकअपवरून घेतलेली. वा." मग ते थांबले. "खाली घे. अजून. हां, थांब."

ते नेटवर्क कार्डाच्या ओळीपाशी थांबले होते. ओठ हलवत नंबर वाचला, पुन्हा वाचला.

"काय झालं, सर?"

"हा माझ्या मशीनच्या कार्डाचा नंबर आहे."

"मग बरोबरच आहे की. लेबलचा प्रोग्रॅम त्याच नंबरला बांधलेला आहे. दुसरा दिला तर तो उघडणारच नाही."

"नवीन नंबरवर बांधून मिळतो गं. गिऱ्हाइकानं प्रोग्रॅमवाल्यांना एक फोन केला की मिळतो. ज्याला गिऱ्हाईक न्यायचंय तो नवीन नंबर घेतो." ते सावकाश बोलत होते, जणू मला नाही, स्वतःलाच समजावत होते. "एका नंबराची दोन कार्डं एका नेटवर्कवर आली की दोन्ही मशिनी अडखळतात. माझी चालू असताना ही लावताच येणार नव्हती. आणि हे बघ, नेटवर्कची जोडणी बंद करून ठेवलीय. पहिल्यापासून बंद."

मला समजायला एक क्षण लागला. मग कळलं आणि मी ज्या बापूंवर इतके दिवस मनातल्या मनात चिडत होते त्यांच्याकडे बघवेना.

"ही फक्त माझी मेली तरच उपयोगाची आहे," शिरीष सर म्हणाले.

ते वळले. दोन पावलं टाकून बापूंच्या टेबलापुढे उभे राहिले. तोंड उघडलं तेव्हा सवयीनं बाहेर पडलं ते, "हर्षदा, त्यांना..." आणि तिथेच गिळलं. बापू वर बघत होते.

"बापू."

"बोला, शिरीषराव."

"कधीपासून करताय हे?"

"पंखा घरघरायला लागला तेव्हाच करायला घेतली होती. त्या दिवशी सांगितलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत होतो मी तो पंखा."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं की. हिच्यामार्फत."

"आणि मी म्हणालो, आपलं बघा."

"हो. मग आपलं बघत बसलो."

शिरीष सरांना हसू आलं की रडू, मला नक्की सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"लावा, बापू. कृपा करा, लावा."

"कृपा कसली आलीय. मी कसा लावू? कालचा बॅकअप कुठल्या कप्प्यात टाकलाय ते मला काय माहीत? तुम्ही बसा इथे." आणि बापू आपल्या खुर्चीतून उठले. त्या खुर्चीवर अबोल्यानंतर दुसरं कोणी बसलं नव्हतं. शिरीष सर बसले आणि बापू मागे उभे राहिले, पडद्यावर बोट नाचवत.

बॅकअप उतरत होता. निरगुड्यांचा फोन येत होता, मी "होतंय, होतंय" म्हणत होते. आणि मग शिरीष सर किंचाळलेच.

"बापू! डिस्क ही जुन्या आयडीई पद्धतीनं जोडलीत? अहो, मुंगीच्या पावलांनी चालेल ती!"

"चालेल तरी! जलद पद्धतीनं जोडली तर तिला स्वतःची डिस्कच सापडत नाही. बघितलंय मी करून."

"सापडेल कशी? आधी आत तिला ओळखणारा ड्रायव्हर घालावा लागतो!"

"मशीन तुमची, पासवर्ड तुमचा. आत शिरून ड्रायव्हर घालायला मी काय चोर आहे?"

"मग विचारायचं!"

"कोणाला? भिंतीला?"

मी त्या दोघांच्या बरोबर मध्ये होते. दोघंही माझ्या डोक्यावरून बोलत होते. मी खुर्ची मागे सरकवली, ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मशीन उठली. शिरीष सरांनी जोडणी चालू केली. फोन वाजला आणि या वेळी तो त्यांनी स्वतः घेऊन स्पीकरवर टाकला.

"निघालं हो, शिरीषभाऊ! लेबल निघालं! जरा हळू निघतंय, पण निघतंय!"

मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी पेट्या ओढत होतं. निरगुड्यांनी गाडी वेळेत हलेल असं सांगितलं आणि फोन ठेवला. मी टेबलाला टेकून उभी राहिले.

"ऐकलंत?" बापू म्हणाले. "निघतंय."

"हळू निघतंय म्हणाले ते."

"फुकटच्या प्रोग्रॅमवर निघतंय!"

"माझ्या बॅकअपमुळे निघतंय! बॅकअप रोज घेतो म्हणून!"

"मी कधी म्हटलं घेत नाही म्हणून? कोणाबद्दल चारचौघांत वाटेल ते बोलायची सवय मला नाही!"



"हां, काढा, काढा ते!" शिरीष सर खुर्चीतून उठले. "म्हणालो मी! काळ गेला म्हणालो! चुकलो! त्याच रात्री कळलं होतं मला चुकलो ते. पण तुम्ही चहा टाकून निघून गेलात! एक शब्द न बोलता! मी जिन्यापर्यंत मागे आलो होतो, वळून पाहिलंत?"

"तुम्ही हाक मारलीत?"

"तुम्ही थांबलात?"

"हाक मारली असती तर थांबलो असतो!"

बापूंचे डोळे भरले होते आणि आवाज छताला लागला होता. शिरीष सर टेबलावर हात आपटत होते. समोरच्या इमारतीतला दंतवैद्य खिडकीत येऊन बघायला लागला. मी बाहेर गॅलरीत आले आणि नीलाताईंना फोन लावला.

"काय गं?" त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. "लेबलं?"

"निघतायत. गाडी जाईल वेळेत. नीलाताई, इथे जोराचं भांडण चाललंय."

"अगं बाई. कोणाशी?"

"एकमेकांशी. समोरासमोर."

मग त्यांनी फोन बाजूला न करताच हाक मारली, "ताई! अगं ये इकडे लवकर! भांडतायत!" भांडं कशावर तरी आपटलं, पावलं आली, आणि कुसुमताईंचा आवाज कानात आला.

"हर्षदा, हे बोलतायत? स्वतः?"

"बोलतायत कुठे, ओरडतायत."

"मला जरा ऐकव गं."

मी दार उघडलं आणि फोन आत धरला. आत आता मशीन राहिली होती बाजूला, कोणाच्या मुंजीत कोण जेवायला थांबलं नाही इथपर्यंत गाडी आली होती. मला हसू येत होतं आणि नाक वाहत होतं, रुमाल टेबलावर राहिला होता. बराच वेळ धरून हात अवघडला तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडे दोघीही होत्या, श्वास ऐकू येत होते.

"ऐकू आलं ना, कुसुमताई? ठेवू आता?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "राहू दे. धर तसाच."